खालची उजवी पाकळी

खालच्या उजव्या पाकळीवरचा एक दात किंचित आत झुकला होता. फार नाही, केसभर. बाकीच्या पाचही पाकळ्यांवर तोच दात ताठ उभा होता. सत्यशीलाने चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला आणि पडद्यावरच्या त्या पांढऱ्या फुलाच्या मध्यावर पुन्हा नजर ठेवली. दात झुकलेलाच होता.

"पूर्वा, तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे," ती म्हणाली.

तिची मुलगी पूर्वा हिंजवडीहून कंपनीच्या बसने येऊन नुकतीच टेकली होती. तिच्या कंपनीने अमेरिकेतल्या कुणा भेटकार्डवाल्यांसाठी नाताळचा एक खेळ बनवायला घेतला होता. पडद्यावर कागदाची घडी दिसायची, माउसच्या कात्रीने ती कापायची आणि बटण दाबले की घडी उलगडून सहा पाकळ्यांचे बर्फाचे फूल व्हायचे. ज्यांच्या दारात खरा बर्फ पडतो, त्यांच्यासाठी खोटा बर्फ पुण्यात कशाला करायचा, असा पूर्वाच्या वडिलांचा, बाबुरावांचा सवाल होता. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना रोज एक सवाल पडायचा आणि उत्तराची घाई कधीच नसायची.

खेळाबरोबर नमुन्याची काही फुले दाखवायची होती. ऑफिसातल्या पोरांनी कापलेली फुले चहाच्या गाळण्यासारखी दिसत होती, म्हणून पूर्वाने ते काम घरी आणले. खडकीतल्या त्यांच्या वस्तीत दर एप्रिलला जयंतीच्या मांडवाला लागणाऱ्या निळ्या घोटीव कागदाच्या जाळ्या सत्यशीलाच कापायची, आणि तिची जाळी कधी फाटली नव्हती.

दोन-तीन संध्याकाळींतच तिला पडद्यावरच्या घडीचा स्वभाव कळला. घडीच्या निमुळत्या टोकापाशी दिलेला इवलासा काप उलगडल्यावर मधोमध अख्खी चांदणी होतो, म्हणून तिथे हात आखडता ठेवायचा. कडेवर अर्धेच पान काढायचे, उरलेले अर्धे आरसा देतो. कडेला काटकोनात भिडणारी रेघ घडीपलीकडे सरळ जाते, तिरकी भिडली की तिथे टोक येते. गोलाई हवी तर कात्री ओढत न्यायची नाही, जवळजवळ बिंदू टेकवत जायचे. आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग काप कधी द्यायचा नाही, नाहीतर फूल गळून पडते. दोन कापांमध्ये धाग्याएवढा का होईना, कागद राखायचा.

"शक्यच नाही आई," पूर्वा म्हणाली. "तू एकच पाचर कापतेस. बाकीच्या अकरा आम्ही तिच्यावरून काढतो. एक दात वाकला तर सगळेच वाकले पाहिजेत."

"मग हा बघ."

पूर्वा तिच्या खांद्यावरून वाकली. पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. मग सरळ होऊन तिने जांभई दिली. "सगळे सारखेच आहेत. चष्म्याचा नंबर बदलला असेल तुझा."

बाबुराव आतून म्हणाले, की मशिनची चूक काढायला ही बाई घरातच बसलीय, मग कंपनी एवढ्या इंजिनिअरांना पगार कशाला देते. पूर्वा हसली. सत्यशीलाही हसली. पण झुकलेला तो दात तिच्या मनातून गेला नाही.

दिवाळी संपल्यावरच्या रविवारी दुपारी घरात कुणी नसताना तिने ती गोष्ट तपासायला घेतली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिला पुष्कळ वर्षे झाली होती, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम हाडात मुरला होता. तिने वाकलेल्या पाकळीवर तांबडा ठिपका दिला. मग फूल एका घराने फिरवले. तांबडा ठिपका खाली गेला आणि त्या पाकळीचा दात सरळ झाला. तिच्या जागी आलेल्या नव्या पाकळीचा दात आता वाकला होता. पुन्हा फिरवले. पुन्हा तेच. फूल फिरत होते, पण वाकडेपणा जागचा हलत नव्हता.

तिने उजवा डोळा हाताने झाकला. सगळे दात कवायतीला उभे राहिल्यासारखे ताठ झाले.

मग डावा झाकला. खालची उजवी पाकळी विरघळून गेली. तिथे काळे काही नव्हते, भोकही नव्हते. राखाडी, नितळ, शांत असे काहीतरी होते आणि त्याच्या कडेने रेघा आत ओढल्या जात होत्या. उघड्या खिडकीतून खालच्या पोरांच्या क्रिकेटचा आवाज येत होता. हात डोळ्यावरून काढायचेही तिच्या लक्षात आले नाही.

तिला स्वतःच्या डोळ्याची भीती वाटली नव्हती. तिला सोमवारची भीती वाटली होती.

नारायण पेठेतल्या डॉक्टर मंदाकिनी गोखल्यांच्या लॅबमध्ये सत्यशीला पेशींच्या स्लाइड वाचायची. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखावरचा स्राव काचेवर पसरून, रंगवून तिच्यापुढे यायचा. शेत नांगरावे तशी ती काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायची. कुठे पेशीचे केंद्र सुजलेले, काळवंडलेले, चुरगळलेले दिसले, की काचेवर शाईचा ठिपका द्यायची. ठिपक्याच्या स्लाइड मॅडमच्या टेबलावर जात. बिनठिपक्याच्या थेट लाकडी ट्रेमध्ये, आणि त्या बाईच्या हातात 'दोष नाही' असा कागद. मॅडम ठिपक्याबाहेर बघत नसत. बघायची गरजही कधी पडली नव्हती. "सत्यशीलाबाईंनी पाहिलंय ना, मग देवसुद्धा पुन्हा बघणार नाही," असे त्या शिकाऊ डॉक्टरांना सांगत. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती. वस्तीतली पहिली बी. एस्सी. मुलगी इतकी वर्षे त्या एका वाक्यावर ताठ मानेने जगली होती.

दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक मॅडमकडे होता. सत्यशीलाचा जुना, एका नळीचा. त्यावर ती उजवाच डोळा लावायची, पहिल्या दिवसापासून.

तोवर आपल्याला कळले कसे नाही, याचे उत्तर तिला त्याच दुपारी मिळाले आणि ते तिला अजिबात आवडले नाही. जी रेघ सरळच असणार हे आधीपासून ठाऊक आहे, तीच वाकडी दिसली तर कळते. पेशीला सरळ रेघ नसते. सहा सारख्या पाकळ्याही नसतात. तिथे काय वाकले आणि काय विरघळले, हे कशाशी ताडून बघायचे?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती एकटीच गेली. घरी सांगितले की चष्मा बदलायला टाकलाय. त्याने डोळ्यात थेंब घालून बराच वेळ आत पाहिले आणि म्हणाला, की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध गळती आहे, उपचाराने वाढायची थांबेल कदाचित, पण गेलेली जागा परत येईलसे धरून चालू नका. तिने विचारले, हे कधीपासून असेल. तो म्हणाला, सांगता येत नाही, दुसरा डोळा सांभाळून घेतो त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. पावसाळ्यापासूनसुद्धा असेल. मग सहज विचारले, "काम काय करता आपण?"

"लॅबमध्ये असते," ती म्हणाली, आणि पर्स उचलून उठली.

मॅडमना सांगायचे हे तिने रिक्षातच ठरवले होते. पण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गर्दी होती. तिसऱ्या दिवशी मॅडमची तब्येत बरी नव्हती. नंतर तिने न सांगण्यालाही एक पद्धत शोधून काढली. सूक्ष्मदर्शकाला डावा डोळा लावायचा. डावा डोळा निरोगी होता, पण अडाणी होता. म्हणून संध्याकाळी घरी येऊन उजव्या डोळ्यावर रुमाल बांधायची आणि पूर्वाची फुले कापायची. डाव्या डोळ्याने बिंदू टेकवायचा, पुढचा बिंदू त्याच्या शेजारी, शेवटचा बरोबर पहिल्यावर आणून मिटवायचा. आधी पाने जाड यायची, धागे तुटायचे, अख्खे फूल निखळायचे. हळूहळू डोळा वळणावर आला. काप इतके बारीक झाले की पूर्वाने एक फूल ऑफिसात मोठे करून भिंतीवर लावले. अमेरिकेहून निरोप आला, की नमुन्यांची सगळी फुले याच बाईंची घ्या.

"आई, फेमस झालीस तू," पूर्वा म्हणाली. "आणि हा रुमाल काय, रांजणवाडी झालीय?"

"हो," सत्यशीला म्हणाली.

रात्रीचे जेवण झाल्यावर बाबुराव हलक्या आवाजात म्हणाले, "एवढे दिवस रांजणवाडी राहत नाही. तुला सांगायचं तेव्हा सांग." ती भांडी आवरत राहिली.

आताच्या स्लाइड ठीक जात होत्या. तिने स्वतःला तसे बजावलेही होते. पण लॅबच्या मागच्या खोलीत ते लाकडी ट्रे एकावर एक रचून ठेवलेले होते, आणि टेबलाशी बसल्यावर तिची पाठ त्या खोलीच्या दाराकडे यायची. पूर्वी कधी तिच्या हे लक्षातही आले नव्हते. आता दिवसभर मानेवर कुणाचा तरी श्वास पडल्यासारखे व्हायचे. काउंटरवर एखादी बाई कागद हातात घेऊन, वाचून, हुश्श करून पर्समध्ये ठेवायची, आणि सत्यशीलाला वाटायचे, पावसाळ्यात किती जणी असे हुश्श करून जिना उतरल्या असतील.

डिसेंबरातल्या एका दुपारी, मॅडम जेवून वरच्या मजल्यावर पडायला गेल्या तेव्हा, तिने श्रावणातला एक ट्रे उघडला आणि डावा डोळा नळीला लावला.

पहिल्या स्लाइड स्वच्छ होत्या. तिच्या खांद्यांतला ताण उतरू लागला. ट्रे अर्ध्यावर आला. मग काचेच्या एका कोपऱ्यात, जांभळ्या-गुलाबी सपाट पेशींच्या मध्ये, एक झुबका आला. काळी, फुगलेली, चुरगळलेली केंद्रे, एकमेकांत घुसलेली. पहिल्या वर्षाच्या पोराच्याही नजरेतून सुटली नसती.

तिने तीच जागा तशीच ठेवून उजवा डोळा लावला. झुबका राखाडी नितळात बुडाला. आजूबाजूच्या सपाट पेशी सरकून तिथे आल्यासारख्या वाटल्या. सगळे निर्मळ दिसले. पुन्हा डावा लावला. झुबका तिथेच होता, श्रावणापासून.

काचेच्या टोकावर पेन्सिलीने नाव आणि वय लिहिलेले होते. ती बाई पूर्वापेक्षा थोडीच मोठी होती.

सत्यशीलाने शाईचा ठिपका दिला. मॅडम खाली येईपर्यंत ती स्लाइड हातात धरून उभी राहिली. ट्रेमधली पुढची स्लाइड पाहिली नाही.

मॅडमनी स्लाइड आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग खुर्ची मागे सरकवली.

"कुठल्या तारखेची?"

"श्रावणातली. बिनठिपक्याची गेली होती."

मॅडमनी आधी फोन उचलला. त्या बाईच्या डॉक्टरला गाठले, तिला उद्याच बोलावून घ्या म्हणून बजावले, सुरुवातीचीच अवस्था असावी असेही म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी सत्यशीलाकडे पाहिले. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

"बसा आधी," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एक सुटली तुमच्या नजरेतून. माझ्या कितीतरी सुटल्यात, मी फक्त ते कुणाला मोजू दिलं नाही. आणि ही तरी कुणी शोधली? तुम्हीच ना? मग झालं तर. ती बाई वाचेल. चहा सांगते, घ्या आणि कामाला लागा."

दार उघडे होते. त्यातून निघून जाऊन चहा पिता आला असता. एक सुटली, एक सापडली. मॅडम पुन्हा कधी विषय काढणार नव्हत्या. सकाळच्या स्लाइड टेबलावर तिची वाट बघत होत्या. डावा डोळा आता तयार होता.

ती बसली नाही.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या. "ऐकलं नाहीत का?"

"ऐकलं." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. "एक सुटलेली नाही, मॅडम. माझा उजवा डोळा गेलाय. दिवाळीपासून मला माहितीय. कधी गेला ते माहीत नाही. पावसाळ्यापासूनचे सगळे ट्रे पुन्हा वाचायचे, आणि ते मी वाचायचे नाहीत. दुसऱ्या कुणीतरी. मी आजपासून स्लाइड बघणार नाही."