मैदान सोडून बाकी सगळं

डॉक्टरबाईंच्या वडिलांनी बर्फाच्या कारखान्यावर पैसा केला आणि त्यातला बराचसा फुटबॉलमध्ये विरघळवला. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मैदान आखलं, पत्र्याचा स्टँड उभा केला, बुडायला आलेला गावचा क्लब विकत घेतला आणि मरेपर्यंत दर सामन्याला बसून रेफरीचा उद्धार केला. ते गेल्यावर क्लबही आणि मैदानही एकुलत्या एका मुलीच्या नावावर आलं. मुलगी दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात सकाळपासून माणसं गाल धरून बसलेली असायची. क्लबकडे बघायला तिला सवड नव्हती आणि तिच्या नवऱ्याला दुसरा उद्योग नव्हता. म्हणून नवरा अध्यक्ष झाला.

त्याने जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण अध्यक्षपद अंगात असं भिनलं की घरात पाणी मागतानाही तो आधी घसा खाकरायचा. लोक मोजे बदलतात तसे त्याने प्रशिक्षक बदलले. एक स्ट्रायकर आणला, त्याचं नाव मोठं होतं आणि गुडघा कामातून गेलेला होता. खेळाडूंच्या बसवर क्लबच्या चिन्हाच्या वरताण अध्यक्षांचा चेहरा रंगवला गेला. हे सगळं चालायचं ते दवाखान्याच्या जिवावर. लोकांच्या किडक्या दाढांतून आलेला पैसा त्या गुडघ्यात मुरतोय, हे बाईंना दिसत होतं. आधी वडिलांच्या आठवणीखातर त्यांनी सोसलं, मग घरात भांडण नको म्हणून. शेवटी खेळाडूंचे पगार थकले, बँकेने हात वर केले आणि बाईंनीही केले.

तेव्हा गुंतवणूकदार उगवले.

तिघे होते. एकसारखे निळे सूट, एकसारखे टोकदार बूट. त्यांच्या म्होरक्याने हसून हात पुढे केला तेव्हा बाईंची नजर सवयीने त्याच्या तोंडात गेली. वरचे, खालचे, सगळे दात कॅप चढवलेले, बाथरूमच्या टाइल्ससारखे पांढरेफेक. मनातल्या मनात त्यांनी त्याचं नाव ‘बत्तिशी’ ठेवून टाकलं.

बत्तिशीने क्लबच्या हॉलमध्ये, करंडकांच्या कपाटासमोर पडदा लावून चित्रं दाखवली. नवं चिन्ह दाखवलं, ते एखाद्या शाम्पूच्या बाटलीवर जास्त शोभलं असतं. आत्मा हा शब्द त्याच्या तोंडी सारखा येत होता. क्लबचा आत्मा, गावाचा आत्मा, खेळाचा आत्मा. सगळं देणं आम्ही फेडू, म्हणाला. अध्यक्षांना तहहयात मानद अध्यक्ष करू, असंही म्हणाला, आणि अध्यक्षांचा चेहरा भट्टीतल्या पावासारखा फुगला. बाईंकडे पाहून कुणी एक शब्द बोललं नाही. मध्येच एकाने त्यांना फक्त खिडकी लावायला सांगितली, उजेड पडद्यावर येत होता म्हणून.

बातमी बाहेर पडायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी चाहत्यांचा जथा दवाखान्यासमोर येऊन ‘विका, विका’ म्हणून ओरडू लागला. त्यांचा पुढारी म्हणजे बाजारातला खाटीक. आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. बाईंचे वडील गेले तेव्हा हाच भोंगा स्टँडमध्ये ओक्साबोक्शी रडला होता. आता तो त्यांच्या मुलीला कंजूष म्हणत होता, कारण कुणीतरी त्याला नव्या स्टँडमध्ये मऊ खुर्ची मिळणार असं सांगितलं होतं. आत खुर्चीत तोंड उघडून बसलेली म्हातारी घाबरली. बाईंनी पडदा ओढला आणि काम पुढे चालू ठेवलं.

रात्री नवरा समजावायला बसला. तुझी सही झाली की आपण मोकळे, म्हणाला.

“ते मैदानाबद्दल काय म्हणतात?” बाईंनी विचारलं.

“मैदान त्यात आलंच की. मैदानाशिवाय क्लब असतो का?”

कारखाना बंद पडल्यापासून त्या भागात जागेचे भाव कुठे गेले, हे केस कापणाऱ्यालाही माहीत होतं. नवऱ्यालाही होतं. फक्त त्याला ते या क्षणी आठवायचं नव्हतं.

सह्यांच्या दिवशी पुन्हा तोच हॉल, तेच सूट. फोटोवाल्यालाही बोलावलं होतं. बत्तिशीने पेन पुढे केलं. बाईंनी ते घेतलं नाही.

“क्लब तुम्हाला दिला,” त्या म्हणाल्या. “नाव, संघ, करंडक, ती बस, सगळं घ्या. मला वर काही नको, देणं तेवढं फेडा. मैदान मात्र माझ्याकडे राहील. खेळायला मी ते फुकट देईन.”

बत्तिशीचे दात तसेच राहिले, हसू मात्र त्यांच्यावरून उतरलं. शेजारच्याने त्याच्या कानाला लागून काही सांगितलं.

“मॅडम, मैदान नाही, तर मग आम्ही नेमकं घेतोय काय?”

“फुटबॉल,” बाई म्हणाल्या.

फोटोवाल्याला हसू आवरेना, म्हणून तो कॅमेऱ्याशी चाळा करत राहिला. सूटवाल्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं, पडदा गुंडाळला आणि गेले. त्यांनी काही कळवलं नाही. क्लबच्या आत्म्याची चौकशी करायलाही पुन्हा कुणी फिरकलं नाही.

नवरा त्या रात्री जेवला नाही. माझं नाक कापलंस, म्हणाला, आणि बॅग भरून भावाकडे राहायला गेला. जाऊबाईंचा फोन आला, भाऊजी दिवसभर सोफ्यावर बसून सगळ्यांना सल्ले देतात, त्यांना कधी नेताय म्हणून. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे हवापालट होतोय, राहू द्या थोडे दिवस. कुणीतरी दगड मारून दवाखान्याची पाटी फोडली. बाईंनी नवी लावली नाही. दाढ दुखली की लोकांना पत्ता बरोबर सापडतो, हे त्यांना ठाऊक होतं.

भोंग्यालाही सापडला. गाल पपईएवढा सुजवून आला आणि मान खाली घालून खुर्चीत बसला. बाईंनी भूल दिली, दाढ काढली, तोंडात कापूस कोंबला. मग त्याला उलटून बोलता येत नाही तोवर आपलं म्हणणं सांगितलं. क्लब चाहत्यांच्या संघटनेने घ्यावा, काही न देता. खेळ चालू आहे तोवर मैदान फुकट. देणं त्यांनी फेडावं, हळूहळू का होईना.

भोंग्याने कापूस काढला.

“आम्ही चालवायचा? डॉक्टरबाई, आम्ही ओरडणारी माणसं.”

“माझ्या दारात ओरडलात तेव्हा सगळं कळत होतं ना?”

“ओरडायला काय लागतं?”

एवढं खरं हा माणूस पहिल्यांदाच बोलला, असं बाईंना वाटलं. त्यांनी त्याला गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तरी चाहत्यांनी क्लब घेतला. आठवडाभर आपापसांत भांडून, दोनदा संघटना मोडून, शेवटी घेतला. भोंगा अध्यक्ष झाला, कारण दुसरं कुणी तयार होईना. गुडघेवाल्याने आपण होऊन गाशा गुंडाळला. बसवरच्या चेहऱ्याला निळा रंग फासला, खालून मिशा तेवढ्या दिसत राहिल्या. आजूबाजूच्या कामगारांची पोरं संघात आली, जीव तोडून खेळली आणि सपाटून हरली. मोसम संपता संपता क्लब खालच्या गटात घसरला.

त्या शेवटच्या सामन्याला बाई गेल्या. कित्येक वर्षांनी त्या पत्र्याखाली बसल्या होत्या. जथ्यातले तेच लोक आता ‘भोंग्या, राजीनामा दे’ म्हणून कोकलत होते, आणि त्यांच्यात पुढे उभा राहून सगळ्यात मोठ्याने कोकलत होता तो बाईंचा नवरा. वर्गणी भरून रीतसर सभासद झाला होता म्हणे. चेहरा लालबुंद, शर्ट सुटलेला. अध्यक्ष असताना इतका खूश तो त्यांना कधी दिसला नव्हता.

बाईंना सगळ्यांचीच कीव आली, पण ती फार वेळ टिकली नाही. खाली क्लबच्या एका किडकिडीत पोराने चेंडू पळवत नेला आणि गोलाच्या तोंडाशी जाऊन मारला, तो समोरच्याच्या पायाला लागून पार बाहेर गेला. बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून अशी शिवी गेली की पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. त्यातला एक त्यांचा पेशंट होता. बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. रेफरी त्या वेळी कॉर्नर द्यायचं विसरत होता.