दाबून भरलेली ट्यूब

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. मालट्रकच्या चाकातली. अंगावर इतकी ठिगळं आहेत, की त्यात मूळचं रबर कुठलं हे आता मलाही आठवत नाही. चाकात होते तोवर मोलगीचा घाट अंगावर घेतला. मग तापीच्या पुरात एक म्हैस पाठीवर बसवून पैलतीराला नेली. साक्ष द्यायला ती म्हैस हयात नाही, म्हणून माझ्यावरच विश्वास ठेवा.

थकून ओसरीत लोळत होते, तर लोणखेड्याच्या रतिलालभाईंनी मला उचललं. साल असेल साठ-एकसष्ट. भाईंनी लिलावातली जुनी जीप घेतली होती. त्यांची लेक मंगला पहिल्या बाळंतपणासाठी प्रकाशा गावच्या सासरहून माहेरी यायची होती. आठवा महिना, रस्ता खड्ड्यांचा, आणि जीपमध्ये समोर नुसता लोखंडी पत्रा. त्यावर लेक आपटू नये म्हणून मला तिथे बांधायचं ठरलं.

आता भाई कापसाचे शेतकरी. कापूस भरताना पोत्यात माणूस उतरवून पायांनी तुडवायचा, ही त्या घरची रीत. सैल पोतं म्हणजे घराण्याची नाचक्की. त्याच हिशेबाने त्यांनी मला पंप मारला. टिचकी मारली तर ढोलासारखी वाजेन, इतका वारा भरला. त्यांच्या पत्नी मीनाबाईंनी सुचवलं, की थोडी सैल असू द्या.

"मन्हा हातनं पोतं कधी सैल ऱ्हास का?" भाई म्हणाले.

परीक्षा म्हणून ते स्वतः पुढे बसले आणि जामसिंग ड्रायव्हरला करकचून ब्रेक दाबायला लावला. भाई माझ्यावर आले ते चेंडूसारखे उलटे मागे गेले. डोकं मागच्या दांडीवर, टोपी गोठ्यात.

"टोपी गोठामा पडनी," मीनाबाई शांतपणे म्हणाल्या. "नाक जागावर शे, दखी ल्या."

भाईंनी मान चोळली, पण वारा काही सोडला नाही.

प्रकाशाहून निघताना मंगला पुढे बसली. भाई अंगणात व्याह्यांचा निरोप घेत होते. तेवढ्यात बरोबर आलेल्या मीनाबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि माझ्या एका ठिगळाची कड उचकटली. वारा सूं सूं करत सुटू लागला.

"बाले समजी जाई," मंगला वडिलांकडे बघत कुजबुजली.

"समजी जाई तवय समजी जाई. तू बठ."

वाटेत वळणावर उसाची बैलगाडी आडवी आली. जामसिंगने ब्रेक दाबला, तरी जीप गाडीवर आदळलीच. मंगला माझ्यावर झेपावली. मी दबले, ठिगळ पुरतं सुटलं आणि माझा श्वास लांब सुस्कारा टाकत निघून गेला. मी खचत गेले, तशी तीही माझ्याबरोबर हळूहळू थांबत गेली. ना पत्रा लागला, ना ती मागे उडाली.

मीनाबाईंनी लेकीच्या पोटावर हात ठेवला. "हाली ऱ्हायना का?"

मंगलाने आईचा हात बाळाची लाथ लागत होती तिथे सरकवला. मग म्हणाली, "हाली ऱ्हायना."

गावात भाईंनी सांगितलं, की ट्यूब दाबून भरली होती म्हणून लेक वाचली. मायलेकी पदराआड हसल्या. भाईंनी ठिगळ पक्कं केलं, मला पुन्हा टम्म फुगवलं आणि हार घालून भिंतीवर टांगलं.

हल्ली म्हणे मोटारीत पुढे पिशवी घडी घालून ठेवलेली असते. गाडी आदळली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती वायूने फुगते, आणि माणूस तिच्यावर येताच मागच्या भोकांतून वायू सोडते. तिच्यावर नुसता भरवसा टाकू नका, मित्रांनो. पट्टा बांधा. तिच्या अंगावर पाय पसरू नका, लहानग्यांना मागे बसवा. फुगते ती फार जोरात. आणि सुटणाऱ्या वाऱ्याला दोष देऊ नका. माणूस वाचतो तो त्यानेच.

माझं काय विचारता? भाई गेले, पण दर दसऱ्याला त्यांचे नातू मला पुजतात आणि पुन्हा पंप मारतात. रीत आहे घरची. फार शिणले हो मी. येता-जाता कुणीतरी एक ठिगळ तेवढं सैल करा.