निकाली

"अहो बाई, निकाली निघालाय तुमचा अर्ज! आता काय वाजतगाजत घरी सोडू?"

रेशन ऑफिसच्या खिडकीतला कारकून आईवर खेकसला, आणि माझं डोकंच फिरलं.

"वाजवू नका काका. धान्य द्या."

"धान्य कसलं? अर्ज बंद झाला. निकाली म्हणजे बंद!"

आईचा चेहराच पडला. तिनं निकाली म्हणजे मंजूर असं धरलं होतं. मीपण. अर्ज दिल्यावर सहाव्या दिवशी मेसेज आला, 'आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे.' आई इतकी खूश झाली की तिनं डबा उपडा करून होते नव्हते ते सगळे तांदूळ शिजवले. धाकटीनं दोनदा मागून घेतलं. त्याला झाले तीन आठवडे. तेव्हापासून शेजारच्या मावशी देतात त्यावर चाललंय, आणि मावशींचं काही गोदाम नाही.

"बंद का केला?" मी विचारलं.

त्यानं माऊस हलवला. "पाहणीला माणूस गेला होता. घराला कुलूप. बुधवारी अकरा वाजता."

"बुधवारी अकराला आई इथं होती! झेरॉक्स घेऊन या म्हणून तुम्हीच बोलावलं होतं!"

"झेरॉक्स या टेबलाचं काम. पाहणी त्या टेबलाचं."

दोन टेबलांच्या मधे एक स्टूल मावेल, एवढंच अंतर.

मागे पाटी: 'सर्व अर्ज सात दिवसांत निकाली.' खाली बक्षिसाची ढाल. सातवा दिवस उजाडला की साहेबांच्या स्क्रीनवर अर्ज लाल होतो म्हणे, म्हणून हे सहाव्या दिवशीच त्याचा गळा दाबतात.

"नवीन अर्ज भरा. तोही झटकन निकाली काढू," काका मेहेरबानी केल्यासारखा म्हणाला.

"काढा ना. दुसऱ्या ढालीसाठी खिळा ठोकून ठेवा."

आईनं दंडाला चिमटा काढला. "गप रे, त्यांच्याच हातात आहे सगळं."

भरला नवीन अर्ज. आईला कामावर खाडा परवडत नाही, धाकटी शाळेत. मी शाळा सोडल्यापासून घरात रिकामटेकडा म्हणून बोलणी खातोय, आता त्याच गुणावर माझी नेमणूक झालीय. पाच दिवस दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसलोय. अंघोळसुद्धा दोन तांबे, तीही दाराकडे कान ठेवून. आज सहावा दिवस. खाडाखोड होऊन वाया गेलेल्या अर्जाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर हे लिहितोय.

थांबा, खालून मावशी बोंबलतायत.

"अरे ए, फाइलवाला पलीकडच्या इमारतीत शिरलाय! तुझ्या आईचं नाव विचारतोय, आणि सगळे म्हणतायत इथं अशी कोणी राहतच नाही! पेन काढलं बघ त्यानं!"

निघतो. मला आत्ता जायलाच हवं.