बाजूला काढलेला फॉर्म

मुलं मला घाबरतात आणि मला ते आवडत आलंय. अमरावतीच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्राच्या मुलांना संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र शिकवते. हा विषय लाडीगोडीनं शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत. दिवाळीआधी प्रात्यक्षिक होतं: वीस प्रश्नांची, निराशा मोजणारी चाचणी. वर्गातल्या एक्केचाळीस जणांनी ती स्वतःच भरायची आणि त्याच आकड्यांवर सरासरी काढायला शिकायचं. "फॉर्मवर नाव दिसलं तर मार्क कापीन," असा मी दम भरला.

आकडे संगणकात भरायचं काम प्रणालीकडे. दर्यापूरची पोरगी, वर्गात पहिली, अक्षर छापल्यासारखं. तिनं तक्ता आणला. साठपैकी सरासरी अकरा, म्हणजे पोरं मजेत होती. ओळी मात्र चाळीसच होत्या.

"एक कुठं गेला?"

"बाजूला काढला, मॅडम. त्याचा स्कोर चोपन्न हाय. तुमी म्हटलं होतं ना, एकच आकडा लई वेगळा असला तं सगळ्याइची सरासरी बिघडते."

असा आकडा आधी तपासायचा असतो, मग काढायचा. ही अर्धी गोष्ट मी वर्गात घाईघाईत नेहमी गिळते. त्या दिवशीही तिनं आणलेल्या फॉर्मच्या पाकिटात न डोकावता मी तिला शाब्बास म्हटलं.

सुट्टीच्या चौथ्या दिवशी अहवाल लिहायला बसले, तेव्हा कुठं पाकीट उघडून तो बाजूला काढलेला फॉर्म पाहिला. एकोणिसावा प्रश्न होता, 'मी नसलो किंवा नसले तर घरच्यांचं बरं होईल असं वाटतं.' खूण 'नेहमी'वर होती. पेन इतकं दाबलेलं की कागदावर मागून उठलं होतं. हा फॉर्म भरून बारा दिवस झाले होते आणि तो कोणाचा हे कळायला काही मार्ग नव्हता. तो मार्ग मीच बंद केला होता.

पहिला फोन प्रणालीलाच केला. "कोणाचा असेल गं तो?"

"काय माहीत, मॅडम. नावं कुठं हायेत?" सगळ्या वर्गाचे नंबर मात्र तिनं लगेच पाठवले.

मग मी एकेकाला फोन लावत सुटले. शिवम मोर्शीला संत्र्याच्या बागेत होता. "बरं हाय, मॅडम." स्वराली अकोल्याला मामाकडे होती. "बरं हाय, मॅडम." कसं आहे म्हणून विचारलं की आपल्याकडे हेच उत्तर येतं, माणूस आतून कसाही असो. सातव्या फोनला मी नियम मोडला आणि सरळ विचारलं, "तो फॉर्म तुझा का?"

अंकुर हसला. "तुमीच तं म्हटलं होतं मॅडम, नाव इचारायचं नाही."

मी त्याच्यावर खेकसले आणि खेकसता खेकसता रडायला लागले. "तो फॉर्म माया नाही, मॅडम. खरंच नाही," म्हणाला. "तुमी पानी प्या."

पहिल्या सहा जणांना पुन्हा फोन केले. मग बाकीच्यांना. त्यातल्या दोघांचे लागत नव्हते, त्यांना घरच्यांमार्फत गाठलं. मी देवधर्म न करणारी बाई, पण मधेच अंबादेवीला नवससुद्धा बोलून टाकला. अडीच वाजेपर्यंत चाळीस नावांवर रेघ ओढून झाली होती. सगळे नाही म्हणाले होते. कोणीतरी खोटं बोलतंय, पुन्हा वरून सुरू करू, म्हणून यादी जवळ घेतली तर एका नावावर रेघच नव्हती. प्रणाली.

तिला मी विचारलंच नव्हतं. ती आकडे भरणारी, माझ्या बाजूची, असं धरून बसले होते. पण प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती मागं उभी होती, तेव्हा 'तुला काय वेगळं आमंत्रण पाहिजे?' म्हणत तिच्या हातात फॉर्म मीच कोंबला होता.

तिला फोन लावला. तिनं लगेच उचलला. "सापडला का, मॅडम?"

"सापडला. तुझा आहे तो."

पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता. "कुठं आहेस?" मी विचारलं.

"दर्यापूरच्या स्टँडवर."

"कुठं जाऊन राहिली?"

"काई ठरवलं नाही."

"बाजूला कोणी बसलंय का? त्यांना फोन दे."

पार्बताबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना अकोटला जायचं होतं. मी म्हटलं, "मावशी, माझी पोरगी आहे ती. मी येईपर्यंत तिचा हात सोडू नका." त्यांनी काही विचारलं नाही. "गाडी जाऊ दे, बाई. मी बसतो इथं," म्हणाल्या.

शेजारच्या अनुपला गाडी काढायला लावली. फोन पुन्हा प्रणालीकडे होता, तो मी चालूच ठेवला. उत्तर देणाऱ्याला आपण शब्द सुचवायचे नसतात, असं मी एकोणीस वर्षं शिकवलंय. वलगाव ओलांडलं तोवर मी तिला एकामागून एक शब्द सुचवत होते. अभ्यास? घरचं काही? कोणी काही म्हटलं? ती प्रत्येकाला नाही म्हणत होती. मी विचारत राहिले.

"काहून इतकं इचारून राहिल्या, मॅडम?" शेवटी ती म्हणाली. "सरासरी तं बरोबर आली ना?"

"जळली ती सरासरी. चुकलं माझं. तू बोल, मी ऐकते."

पलीकडे ती रडायला लागली. पार्बताबाईंचा आवाज ऐकू येत होता, "रड, माय, रड." अनुपला मी गाडी आणखी जोरात घ्यायला सांगितलं.