पिवळा खाणारा दिवा

“त्या दिव्यात लेकरू बघू नको गं पोरी. त्या दिव्यात मी बी गोरी दिसते.”

हे शरणम्माचं वाक्य. शरणम्मा म्हणजे नांदेडला आमच्या गल्लीत बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी बाई. मूळची उदगीरकडची, वय साठ-सत्तरच्या मधे कुठेतरी, रंग तव्याचा. मी हसले, आईही हसली. मनात म्हटलं, एम.एस्सी. मी केलंय की हिनं?

एम.एस्सी. कशात केलं ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. विष्णुपुरीला विद्यापीठात दोन वर्षं मी लँथनाइड आयनांचे वर्णपट काढत होते. आता लातूरला एका क्लासमध्ये शिकवते. तिथं या धड्याला कुणी विचारत नाही. दोन प्रश्न येतात, तेही पाठांतराचे. तरी मी तो रंगवून शिकवायची. “लँथनाइडचे 4f इलेक्ट्रॉन म्हणजे आतल्या खोलीतली बाळंतीण,” मी पोरांना सांगायची. “बाहेर कोण आलं, कोण गेलं, तिला वारं लागत नाही. म्हणून त्यांच्या रेषा इतक्या रेखीव. ॲक्टिनाइडचे 5f मात्र उंबरठ्याशी बसलेले, शेजारणींचं ऐकणारे, म्हणून त्यांच्या रेषा पसरट.” पोरं हसायची. चुंबकीय आघूर्ण आलं की मी फळ्यावर डस्टर आपटायची: “इथं नुसतं स्पिन मोजून चालत नाही, कक्षेतली गतीही धरावी लागते. अर्धंच मोजलं की उत्तर हमखास चुकतं.” हे मी दरवर्षी सांगायची. स्वतःला कधी सांगितलं नाही.

माझ्या प्रबंधाचा नायक होता त्याच लँथनाइडांपैकी एक, निओडिमियम. काचेत घातला की तो उजेडातला पिवळा नेमका तेवढा खातो. ती काच उन्हात जांभळट दिसते, ट्यूबलाइटखाली निळसर. तिच्यातून आलेल्या उजेडात लाल खुलतो, पांढरा उजळतो आणि पिवळा मरतो. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं होतं, “याचा उपयोग काय?” मी म्हटलं होतं, “सर, पिवळी झाक काढून टाकायला.” सर खूश झाले होते.

सातव्या महिन्यात मी असल्या काचेचा बल्ब ऑनलाइन मागवला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नांदेडला. तिथल्या खोलीची मला आधीच धास्ती होती. खिडकीला गोधडी ठोकलेली, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, बारा दिवस अंधार. आई, म्हणजे रुक्मिणबाई, या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. “बाळंतिणीला वारं लागतं. माझ्या सासूनं मला असंच ठेवलं, मी मेले का?” म्हटलं ठीक आहे, अंधार तुझा, दिवा माझा.

शिवांगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी आलो. दिव्याखाली ती अशी गुलाबी दिसायची की मी दर तासाला फोटो काढायची. नवरा शिवशंकर लातूरला, बँकेत. त्याला व्हिडिओ कॉल केला की म्हणायचा, “अयोध्या, ही कुणावर गेली गं? आपल्या दोघांत तर असा रंग न्हाई.” नातेवाइकांच्या ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला. इस्लापूरच्या अमृतमामांची विशाखा तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होती. तिनं विचारलं, “ताई, कोणता फिल्टर लावतीस?”

“फिल्टर नाही, निओडिमियम,” मी लिहिलं. पुढं चष्मा घातलेला हसरा चेहरा.

बाळ गुणी होतं. रडायचं नाही, दूध चार घोट प्यायलं की झोपायचं. येईल ती बाई म्हणायची, “नशीबवान हायेस माय, माझ्यानं तर चाळीस दिवस डोळ्याला डोळा लागू दिला न्हवता.” मी काळजीखोर आहे, मला बाटलीच्या बुचाचीही काळजी वाटते, पण बाळ गुणी आहे याची काळजी करावी हे काही सुचलं नाही.

एकटी शरणम्मा कुरकुरायची. “दारात आणा म्हणते मी लेकराला. उनात बघू द्या.”

आई म्हणायची, “वारं लागंल.”

मी म्हणायची, “इन्फेक्शन होईल.”

आयुष्यात पहिल्यांदा आईचं आणि माझं एकमत झालं होतं.

पाचवा दिवस, पाचवी. संध्याकाळी सटवाई येऊन लेकराच्या कपाळी काय ते लिहिणार, म्हणून आईनं दुपारीच पाटा-वरवंटा मांडला, हळद-कुंकू काढलं, कोरा कागद आणि माझा पेन ठेवला. चारच्या सुमारास लाइट गेली. खोलीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. आईचा पाय पाट्याला लागला तशी ती करवादली आणि तिनंच खिडकीवरची गोधडी ओढून काढली.

ऊन सरळ शिवांगीच्या तोंडावर आलं.

“अगं, हळद सांडली का काय हिच्यावर?” आई म्हणाली. तिनं पदराचं टोक ओलं करून गाल पुसला. मग कपाळ. मग मी माझा रुमाल घेतला आणि छाती पुसली. आम्ही दोघी पुसत होतो. एक शिकलेली, एक अनुभवी. रुमाल पांढराच राहिला.

तेलाची वाटी घेऊन शरणम्मा आत आली. तिनं वाटी खाली ठेवली, बाळाच्या कपाळावर अंगठा दाबला, उचलला. अंगठ्याखालची कातडी झेंडूच्या पाकळीसारखी होती.

“अय्यो, ही हळद न्हवं,” ती म्हणाली. “रिक्षा बोलवा. आधी रिक्षा.”

दवाखान्यात रक्तातली कावीळ एकोणीस निघाली. डॉक्टरीणबाईंनी शिवांगीचा तळपाय टिचकीनं वाजवला. ती कुरकुरली आणि पुन्हा झोपली. “बाळ गुणी नाही, सुस्त आहे,” त्या म्हणाल्या. “हे आणखी वाढलं तर मेंदूत जाऊन बसतं. कान जातात, हातपाय वाकडे होतात. दोन दिवसांपूर्वीच दिसायला हवं होतं. दिसलं नाही तुम्हाला?”

मी एम.एस्सी. आहे. उत्तर मला ठाऊक होतं. पुरा वर्णपट डोळ्यांसमोर होता, पिवळ्याच्या जागचा खड्डासुद्धा.

“आमच्या खोलीत अंधार असतो,” मी म्हटलं. “खिडकी बंद ठेवतात.”

वाक्य खोटं नव्हतं. अर्धं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आईकडं पाहिलं. “आजी, कोणत्या जमान्यात आहात?” आईनं पदर तोंडाला लावला. दोन दिवस शिवांगी डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली झोपली आणि दोन दिवस आई बाहेरच्या बाकावर, आत न येता बसली. एका दिव्यानं लपवलेलं दुसऱ्या दिव्यानं उतरवलं. बाकावरच्या बाईवरचा ठपका कुणी उतरवला नाही. शरणम्मानं मला एकदा विचारलं, “दिव्याचं सांगितलंस का आईला?” मी म्हटलं, “सांगते.” तिनं परत विचारलं नाही. तिला दुसऱ्या घरच्या लेकराला आंघोळ घालायला जायचं होतं.

शिवांगी बरी झाली. कान तपासून घेतले, ठणठणीत आहेत. ताटली पडली की दचकते, मी नाव घेतलं की मात्र मुद्दाम बघत नाही. मी लातूरला परत आले. बल्ब नांदेडलाच राहिला.

याला सात महिने झाले. या सात महिन्यांत मी ग्रुपवर इतक्या सूचना टाकल्या आहेत, मध देऊ नका, काजळ घालू नका, पाळण्याला मणी बांधू नका, की माझं नाव दिसलं की लोक न वाचताच अंगठा देतात.

काल विशाखाचा फोटो आला. सोमवारी किनवटला बाळंत झाली, बुधवारी इस्लापूरला घरी आली, मुलगा आहे. फोटोत बाळ गुलाबी. तो गुलाबी मी ओळखते. त्याच्यावर मी दोन वर्षं घालवली आहेत.

“लई गुणी हाय गं ताई. रडतच न्हाई.”

मी लिहिलं, “दिवा कोणता आहे?”

“तुझाच की! आत्यानं पाठवला. म्हणली नुसता पडून हाय, अयोध्याच्या लेकराला चांगला लाभला.”

त्यानंतर तिचा फोन लागत नाही. मामांचाही नाही. तिकडं रेंजचं असंच आहे. माझे अकरा निरोप एकाच टिकमार्कवर उभे आहेत, पोचलेले नाहीत.

आज दुपारी दोनला आईला फोन केला आणि सगळं सांगितलं.  

“म्हंजे खिडकीचं न्हवतं ते?”

“नुसतं खिडकीचं नव्हतं, आई.”

“सात महिने झाले अयोध्या, मी कुणा बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकला न्हाई. विशाखाकडं बी म्हणूनच गेले न्हाई. नुसता दिवा पाठवला.” मग पिशवी शोधल्याचा आवाज. “पाचची गाडी हाय. जाते मी.”

पाचची गाडी इस्लापूरला पोचेल तेव्हा अंधार झालेला असेल. दिवा लागलेला असेल. बाळ गुलाबी दिसेल. दिवा काढला तरी कावीळ उन्हात दिसते तशी रात्री दिसत नाही.

शिवशंकर म्हणतो, “तू बी ना, उगं घाबरतीस. समद्याच लेकरांना थोडीबहुत कावीळ असतीच की.” असते. थोडी असते आणि उतरते. ती थोडी आहे का ते त्या दिव्याखाली कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुम्ही म्हणाल, मग एवढं पाल्हाळ कशाला? ‘बल्ब काढा’ एवढंच लिहायचं. फोन ठेवल्यावर ग्रुपवर तेच लिहिलं होतं. तिघांनी हात जोडले, एकानं विचारलं, याला बिल कमी येतं का. म्हणून हे सगळं लिहिलं, माझ्या अर्ध्या वाक्यासकट. जिथं पाठवता येईल तिथं पाठवते आहे.

तर तुमच्यापैकी कुणी इस्लापूरला असाल, किंवा तिथलं कुणी ओळखीचं असेल, तर ऊन आहे तोवर अमृतरावांच्या घरी जा. पाण्याच्या टाकीसमोर, हिरवं दार. ते म्हणतील वारं लागेल. लागू द्या. लेकराला दारात आणा, कपाळावर अंगठा दाबा, उचला, आणि खाली कोणता रंग आहे तो मला कळवा.