मेंदी ओली असताना

आपण काळजी करतो म्हणूनच भाऊ संध्याकाळी धड घरी येतो, असं साक्षीला मनापासून वाटायचं. वेडेपणा म्हणा हवं तर. पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती खिदळत नाचत होती, त्याच वेळी कराडच्या रस्त्यावर तिच्या वडलांना अपघात झाला आणि ते गेले. तेव्हा आई, भामाबाई, बोलून गेली होती, "लय हसू नये बाई, मागनं रडावं लागतंय." आई ते विसरलीसुद्धा. पोरीच्या काळजात मात्र रुतून बसलं.

आता धाकटा महेंद्र कडेगावहून त्याच रस्त्यानं मोटरसायकलवर कराडला कामाला जायचा. कामावरून सुटला की साक्षीचा फोन, वाटेत फोन, फाट्यावर फोन. बी.एड. करणारी शिकलीसवरलेली पोरगी, पण तो दारात येईपर्यंत घास घशाखाली उतरत नसे.

त्या संध्याकाळी चुलतबहीण अंकिताच्या लग्नाची मेंदी होती. पोरींनी साक्षीलाही धरून बसवलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत रंगवले. अंकितानं होणाऱ्या नवऱ्याची अशी नक्कल केली की साक्षी हसून हसून बेजार झाली. मग बाहेर दिवे लागलेले दिसले आणि तिचं हसू थांबलं. आज एकही फोन केला नव्हता.

कोनाड्यातला फोन थरथरत होता. महेंद्रचे कितीतरी मिस्ड कॉल. हसलो आपण, आणि घात झाला! ओल्या मेंदीच्या बोटांनीच तिनं फोन उचलला.

"महेंद्र? कुठं हायस?"

"ताई!" तो ओरडलाच. "तुझा फोन आला न्हाई. म्हटलं घरात कायतरी इपरीत झालं. रस्त्यावर ध्यानच ऱ्हाईलं न्हाई गं, ट्रकला घासता घासता वाचलो. आता गाडी कडंला लावून बसलोय."

ज्या काळजीनं त्याला इतकी वर्षं राखलं असं साक्षी समजत होती, ती आज त्याला ट्रकखाली घालणार होती. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"काय झालं न्हाई रं. मी मेंदी काढून घेत हुते. हसत हुते," ती म्हणाली. "पाणी पी, दम खा, मग सावकाश ये. आता वाटंत मी फोन करणार न्हाई. तू बी करू नगंस."

"तुला धीर निघंल?"

"न्हाई निघायचा," ती म्हणाली. "तरी बी न्हाई करणार."

फोन आईच्या हातात देऊन ती पुन्हा पोरींत जाऊन बसली. मेंदी फिसकटलेल्या बोटांवर एक पोरगी नव्यानं कोन फिरवू लागली. बाहेर प्रत्येक गाडीच्या आवाजाला साक्षीचा हात दचकत होता.

"हलू नगंस गं," ती पोरगी म्हणाली.

साक्षीनं दात आवळले आणि हात तसाच पुढे धरून ठेवला.