भिंतीवर चढलेली खार

मालूला पाळण्यात घातलं की वेणूची नजर आपसूक भिंतीकडे जाई. वेणूच्या छातीइतक्या उंचीवर, खोलीच्या तिन्ही बाजूंनी, खार फुटून पांढरट रेघ उमटली होती. पाळणा त्या रेघेच्या चांगला हातभर खाली लोंबत होता.

एरवी तिनं त्या रेघेकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पनवेलच्या खाडीकाठी कोणाच्या भिंतीला खार नाही? पण मागच्या आठवड्यात सरकारकडून कर्णिक नावाचे मोजणीदार आले. वेणूचं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी उधाणाच्या भरतीनं बांध फुटला होता. तेव्हा कोणत्या घरात किती पाणी शिरलं, याचा ते नकाशा करत होते. बांध पुन्हा फुटला तर धोका कोणाला जास्त, ते त्यावरून ठरायचं होतं. विचारायची सोय नव्हती, कारण त्या दिवशी अख्खा पाडा देवळाच्या टेकाडावर पळाला होता. म्हणून कर्णिक घरोघरच्या भिंतींवरच्या रेघा मोजत होते. गुडघाभर पाणी, ते घर पिवळं. कमरेच्या वर, ते तांबडं. तांबड्या घरातल्यांनी पावसाआधी माळावर राहायला जावं, असं त्यांचं सांगणं होतं.

वेणूच्या घरी त्यांनी रेघेवर बोट ठेवून सासूला विचारलं होतं, "पाणी इथवर आलं होतं ना?"

"आला असंल, साहेब," सोनाबाई म्हणाल्या, आणि घर तांबडं झालं.

ते गेल्यावर वेणूनं विचारलं, "आई, खरंच एवढं आलं होतं?"

"मना काय ठाव? मी टेकारावर व्हती."

"मग हो कशाला म्हणालात?"

"सरकारचा मानूस उनातानाचा आपल्या दारान आलाय. त्याला नाय कसा म्हनाचा?"

आता खरं काय, ते देव जाणे. माळावर विहीर नव्हती, आणि नवऱ्याला, कमळाकरला, मिठागरावरून रोज तिथवर येणं जमणार नव्हतं. आठवड्यातून एकदा बाप दिसला तर मालू त्याला ओळखेल तरी का? पण छातीभर पाण्यात सहा महिन्यांचं पोर घेऊन पोहायचं कसं? वेणूनं जायचं ठरवलं. भांडी बांधायला घेतली.

ती चुलीवरची तपेली घासत होती, तेवढ्यात कर्णिक परत आले. बरोबर तीन पायांच्या तिकाटण्यावरची दुर्बीण होती. वेणूच्या आणि शेजारच्या गुणाबाईच्या घरांच्या मधोमध ती उभी करून त्यांनी वेणूला एकदा या ओट्यावर, एकदा त्या ओट्यावर मोजपट्टी धरायला लावली.

"दोन्ही ओटे एकाच उंचीचे," ते म्हणाले. "तिथं गुडघाभर पाणी आणि इथं छातीभर. नकाशावर रेघ ओढायला बसलो तर पाणी तुमच्या दारात उडी मारतंय."

"पान्याला पन सोनाबायचाच घर आवडला," गुणाबाई तिच्या ओट्यावरून म्हणाली.

"तुजे तोंडाला लागाचा नसंल त्याला," सोनाबाई म्हणाल्या.

कर्णिक घराच्या मागं गेले. मालूला कडेवर घेऊन वेणूही गेली. वळचणीखाली, पाऊस लागत नाही अशा जागी, चिऱ्यांवर खाडीच्या चिखलाचा जुना डाग होता. गुडघ्याएवढा. वर काही नाही.

"म्हणजे बाहेर गुडघाभर आणि आत छातीभर," कर्णिक म्हणाले. "सोनाबाई, त्या खोलीत आधी काय असायचं?"

"मीठ. दुसरा काय? कमल्याचा बापूस व्हता तवर भितीला लावून गोनी रचायचा. वली गोनी. पार हितवर..." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि त्या थांबल्या.

कर्णिक हसायला लागले. "अहो, मग त्या दिवशी सांगायचं होतं."

"तुमी पान्याचा इचारलात. मिठाचा कुठं इचारलात?"

वेणू हसली नाही. "गुडघाभर म्हणजे नक्की गुडघाभरच ना, साहेब?"

"बांध तेवढाच फुटला तर तेवढंच. उधाणाला बांधावरून हाळी आली की लेकराला घेऊन टेकाडावर जायचं, त्यात हयगय नको. पण घर सोडायला नको."

त्यांनी नकाशा ओट्यावर पसरला. रबरानं तांबडा रंग खोडला, वर पिवळी पेन्सिल फिरवली. तांबडा पुरता गेला नाही; घर नारिंगी दिसायला लागलं.

"चालेल का?" त्यांनी विचारलं.

"चालेल," वेणू म्हणाली आणि तिथंच बसली. मालूनं तिच्या मंगळसूत्राला हिसका दिला तेव्हा तिला कळलं, की आपण पोरीला फार घट्ट धरलंय.

दुपारी कमळाकर घामाघूम होऊन आला. "माळावर जायला बैलगाडी सांगून आलोय," तो म्हणाला. "उद्या सकाळी येतो गाडीवान."

"मग जेवा," वेणू म्हणाली, "आणि नको म्हणून सांगून या."